डोके आणि गाबोळी

मराठी मुलखातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘फॅमिली’ हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने येतो, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी एकदा सवडीने करायला हवा. ‘फॅमिली रूम’, ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ हे शब्द वाचत आम्ही वाढलो. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात मागच्या बाजूला प्लायवूडचे आडोसे केलेले असत आणि त्यांना मळकट पडदे लावलेले असत. पुरुष बाहेर बाकांवर बसत. बरोबर बाई असली की आडोशाआड. म्हणजे ‘फॅमिली’ याचा अर्थ बाई. यात नवल काही नाही. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे पत्नीच असे. शब्द इंग्रजीतून आला, अर्थ मात्र आपण घरचाच भरला, आणि त्या अर्थाला पडदाही लावला.

हे सारे आठवायचे कारण गेल्या डिसेंबरात सिंगापूरमध्ये घडलेले एक जेवण. आम्ही दोघे, म्हणजे पतिपत्नी, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. लिहितो बहुतेक एकत्र, म्हणून इथेही ‘आम्ही’. धाकटी बहीण आणि तिचे यजमान बरीच वर्षे सिंगापूरला आहेत. त्यांच्याकडे आम्ही आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आणि आईला घेऊन गेलो होतो. आई आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. पण वीस वर्षांच्या सहवासानंतर हा भेद उरलेला नाही. आईचे वय चौऱ्याहत्तर. जावयांच्या गोदीतल्या एका ज्येष्ठ चिनी सहकाऱ्याने आम्हा सर्वांना समुद्रकाठच्या मासळीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावले. त्यांची पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई बरोबर होती. एकूण अकरा माणसे. तिथल्या जेवणाबद्दल लिहिण्याचा मोह एरवी आम्ही आवरला असता. प्रवासवर्णनांत खाण्याची वर्णने उदंड झाली आहेत. पण त्या टेबलावर आमच्या एका लेखाचा, म्हणजे खरे तर आमच्या वाचनाच्या पद्धतीचाच, निकाल लागला. म्हणून हे लिहिणे.

आधी त्या लेखाविषयी. दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात आम्ही मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांतील जेवणाच्या प्रसंगांवर निबंध वाचला. सर्वांना वाढून झाल्यावर स्त्रीच्या ताटात काय उरते, हा त्याचा विषय. विषय महत्त्वाचा होता आणि आजही आहे, असेच आम्हाला वाटते. निबंधाची सुरुवात आम्ही घरच्या आठवणीने केली होती. आमच्या घरी मासे झाले की मधल्या तुकड्या वडिलांना, काकांना आणि पाहुण्यांना जात. मग आम्हा मुलांना. शेवटी आई आणि काकी जेवायला बसत. आईच्या ताटात माशाचे डोके असे. कोणी कधी विचारलेच तर ती म्हणे, ‘मला डोकेच आवडते.’ या वाक्यातल्या ‘च’वर आम्ही निबंधाचे दीड पान खर्च केले होते. जे मिळणारच नाही त्याची इच्छा नाकारायची आणि जे उरते त्यालाच आवड म्हणायचे, असे स्त्रीच्या मनाचे शिक्षण या एकाक्षरी अव्ययात साठलेले आहे, अशी आमची मांडणी होती. सभागृहात शांतता पसरली. दोन ज्येष्ठ प्राध्यापिकांनी डोळे टिपले. आई मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम गावाजवळ होता म्हणून तिला मुद्दाम आणले होते. परतताना ती काही बोलली नाही. गहिवरली असेल असे आम्ही समजलो.

निबंधात आम्ही एक गोष्ट सहज करून टाकली होती, तिचा उल्लेख इथेच करायला हवा. आई ‘मला डोकेच आवडते’ असे कधीच म्हणाली नव्हती. ती म्हणायची, “मना डोकाच आवरतं.” आमचे गाव अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटातले, घरची बोली आगरी. तिथे ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ आणि पुष्कळ ठिकाणी ‘ड’चा ‘र’. आमच्या अभ्यासपूर्ण निबंधात ही बोली शोभणार नाही, असे आम्ही म्हटले नाही. पण प्रमाण मराठीत वाक्य लिहिताना हात अडखळलाही नाही. बोलींच्या जतनावर वर्गात तास घेणारे आम्ही घरी मुलीला ‘मना’ नव्हे ‘मला’ म्हणायला शिकवत आलो आहोत. असो.

खारेपाट म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातजमीन. चरीच्या शेतकऱ्यांच्या संपामुळे (१९३३) तिचे नाव इतिहासात गेले. बांध फुटला की खाडीचे पाणी शेतात शिरते आणि वर्षाचे पीक जाते. त्यामुळे तिथल्या माणसांचे पाण्याशी नाते वैराचे आणि उपकाराचेही. घराजवळ तळे असे आणि त्या तळ्यात जिताडा वाढवलेला असे. खाडीतून आणलेली लहान पिल्ले गोड्या पाण्यात मोठी होत. जिताडा हा रायगड जिल्ह्यात मानाचा मासा आहे. लग्नाच्या बोलणीला, नव्या जावयाला, कधी अडलेल्या कामासाठी साहेबाच्या घरीसुद्धा जिताडा पोचता होई. बंगाली माणूस ज्याला भेटकी म्हणून मिरवतो तो हाच, आणि ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणतात तोही हाच. मलायात याला ‘सियाकाप’ म्हणतात.

हा शेवटचा शब्द आम्हाला त्या संध्याकाळी कळला. रेस्टॉरंट सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यावर होते. हा किनाराही भर घालून समुद्राकडून घेतलेला आहे, हे जावयांनी सांगितले तेव्हा आई प्रथमच त्या शहराकडे ओळखीच्या नजरेने पाहू लागली. “बांद कंचा हाय यांचा?” असे तिने विचारले. दाराशीच काचेच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. त्यांत मासे, कोळंबी, शिंपल्या आणि नांग्या बांधलेले खेकडे. श्रीलंकेहून येणारे ते काळसर हिरवे, चिखलातले खेकडे पाहून आई म्हणाली, “या तर आपल्या चिंबोऱ्या.” पुढे एका टाकीपाशी ती थांबली आणि बराच वेळ हलली नाही. रुपेरी अंग, कपाळाशी खोलगट उतार, दिव्याच्या उजेडात चमकणारा डोळा. बाजारात मासा घेताना ती कल्ला उचलून लाली पाहते, बोटाने दाबून पाहते. इथे मासा जिवंतच होता, परीक्षेचा प्रश्नच नव्हता. तरी तिने काचेवर बोट टेकवलेच. यजमानांनी ते पाहिले आणि तोच मासा मागवला. नोकराने तो जाळीत धरून टेबलापाशी आणून दाखवला, वजन सांगितले आणि आत नेला.

टेबल गोल होते. मधोमध फिरती काच. या फिरत्या ताटाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मंचुरियात १९१० साली फुफ्फुसांच्या प्लेगची भयंकर साथ आली. ती आटोक्यात आणणारे डॉ. वू लिएन-तेह हे मूळचे मलायातल्या पेनांगचे. एकाच ताटात सर्वांनी आपापल्या काड्या बुडवण्याची चिनी रीत रोगाला आमंत्रण देते, असे त्यांचे मत होते. रीत तर मोडायची नाही आणि उष्टेही व्हायचे नाही, म्हणून त्यांनी मध्ये फिरणारे ताट आणि वाढण्यासाठी वेगळे चमचे असा उपाय सुचवला. चिनी रेस्टॉरंटांत फिरते टेबल सर्वत्र रुळले ते पुष्कळ नंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण उष्ट्याचा विचार करणारा तो डॉक्टर आम्हाला आपल्या घरातला वाटला.

आपली पंगत सरळ रेषेत असते. तिला आरंभ असतो आणि शेवट असतो. वाढणारी माणसे वेगळी आणि जेवणारी वेगळी. वाढणाऱ्यांची पंगत नंतर, म्हणजे उरल्यावर. गोल टेबलाला शेवट नसतो. अर्थात तिथे उतरंड नसते असे नाही, उलट बारकाईने असते. दाराकडे तोंड करून बसण्याची जागा मुख्य पाहुण्याची. चहा आधी वडीलधाऱ्यांना. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे. मोठ्यांनी काड्या उचलल्याशिवाय लहानांनी खायचे नाही. फरक एवढाच, की या सर्व व्यवस्थेत सर्वांत वरची जागा त्या टेबलावर दोन म्हाताऱ्यांना मिळाली होती. आई आणि यजमानांची आई शेजारी शेजारी, दाराकडे तोंड करून बसल्या. ‘फॅमिली’ म्हणजे बाई हा अर्थ तिथेही खरा होता म्हणायचा. पडदा तेवढा नव्हता.

आजूबाजूला गलका होता. चिनी रेस्टॉरंटची शांतता ही तिथे अपयशाची खूण समजतात, असे जावई म्हणाले. शेजारच्या टेबलावर एक मूल उंच खुर्चीत झोपले होते, एक काचेवरून मिठाची बाटली आगगाडीसारखी फिरवत होते आणि कोणी त्याच्यावर डोळे वटारत नव्हते. आमच्यासमोर न मागता शेंगदाणे आणि ओले रुमाल आले. पाहुणचार म्हणून आम्ही सुखावलो, तोच बहीण कानात म्हणाली, “याचे पैसे लावतात. नको असेल तर परत करायचं.” मुलीने हात पुसून झाले होते.

मिरचीतला खेकडा आला. हा आता सिंगापूरचा राष्ट्रीय पदार्थ असल्यासारखा मिरवला जातो. पण त्याचा जन्म घरगुती आहे. चेर याम तियान या गृहिणीने १९५० च्या दशकात हा प्रकार प्रथम केला. खेकडे नुसते वाफवण्याऐवजी दुसरे काही कर, असे नवऱ्याने म्हटले, तेव्हा तिने टोमॅटोचा आणि मिरचीचा रस्सा केला. मग दोघांनी कालांग नदीकाठी हातगाडीवर तो विकायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे रेस्टॉरंट झाले. रश्शात अंडे फेटून घालण्याची आजची रीत नंतरच्या स्वयंपाक्यांची. नवऱ्याच्या फर्माइशीतून बाईने पदार्थ शोधला, तो खपला आणि बाईचे नाव त्याला राहिले. शेवटची गोष्ट आपल्याकडे क्वचित घडते. आईला रस्सा गोड वाटला. “साखर घातल्यानी,” असा शेरा तिने मारला. पण तळलेला पाव त्यात बुडवून तिने दोनदा खाल्ला. खेकडा फोडण्यासाठी ठेवलेले चिमटे आम्ही वापरत होतो. ती आणि शेजारची म्हातारी मात्र दातांनीच काम करत होत्या. दोघींच्या वाडग्यांत कवचांचे ढीग सारख्याच वेगाने वाढत होते आणि दोघींच्या ते लक्षात आले होते.

या दुसऱ्या आजींची भाषा तिओच्यू. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांची ही बोली. सिंगापूर सरकारने १९७९ मध्ये ‘मँडरिन बोला’ अशी मोहीम सुरू केली. चिनी लोकांच्या अनेक बोलींच्या जागी एक प्रमाण भाषा यावी हा तिचा हेतू. पुढे रेडिओ-दूरचित्रवाणीवरचे बोलींतले कार्यक्रमही बंद होत गेले. मोहीम यशस्वी झाली. तिच्या यशाचे रूप आमच्यासमोर बसलेले होते. नातवंडे इंग्रजी आणि मँडरिन बोलत, आजी तिओच्यू बोले आणि मुलगा मध्ये दुभाष्याचे काम करी. आमच्या बाजूलाही फारसे वेगळे चित्र नव्हते. आईच्या काही शब्दांचा अर्थ आमची मुलगी आम्हाला विचारत होती.

मग मासा आला. आख्खा, लांबट ताटात, वाफवलेला. वर आल्याचे आणि पातीच्या कांद्याचे तंतू, खाली सोयाचा पातळ रस. वाफवून झाल्यावर वरून कडकडीत तेल ओतलेले, त्याचा चर्र आवाज अजून येत होता. हळद नाही, आगळ नाही, तिखट नाही. आईने प्रथम त्याच्याकडे आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. नोकराने ताट काचेवर ठेवले आणि यजमानांनी काच हळूहळू फिरवून माशाचे डोके बरोबर आईसमोर आणून थांबवले. बहिणीने सांगितले, “आई, डोकं तुझ्याकडे केलंय. मानाच्या पाहुण्याकडे करतात. तू सुरुवात केल्याशिवाय कोणी खाणार नाही.”

इथे आमच्याकडून ते झाले. चर्चासत्रातल्या यशाची धुंदी दोन वर्षांनीही उतरली नसावी. आम्ही यजमानांना इंग्रजीत सांगू लागलो: हा केवढा योगायोग आहे, आमच्याकडे हेच डोके मानाचे नव्हे तर उरलेले समजले जाते, आयुष्यभर आईच्या वाट्याला तेच आले, आज प्रथमच तिला ते मानाने मिळते आहे. गोष्ट आम्ही चांगली सांगितली. यजमानीणबाईंचे डोळे भरून आले. यजमानांनी ती आपल्या आईला तिओच्यूत सांगितली, तेव्हा ती म्हातारी मात्र काही समजले नाही अशा चेहऱ्याने आमच्याकडे पाहत राहिली.

“काय सांगतान ते?” आईने नातीला विचारले.

मुलगी सरळ स्वभावाची आहे. ती म्हणाली, “आई-बाबा सांगतायत की तुला कधी चांगली तुकडी मिळाली नाही, म्हणून तू डोकं खायचीस.”

आईचा हात माशाच्या गालाशी पोचला होता. डोळ्याखालचा तो रुपयाएवढा मांसाचा गोळा तिने अंगठ्याने अलगद सोडवून घेतला. तो खाऊन झाल्यावर ती बोलली. रागाने नव्हे, वर्गात चुकीचे उत्तर आल्यावर शिक्षकाने बोलावे तशी. “डोक्यान खरी चव हाय. तुमाना डोका खाता येत नाय, म्हनून तुमी तुकऱ्या खाल्ल्या.”

आम्ही गप्प झालो. मुलगी हसत होती. आई पुढे काही बोलेल असे वाटले नव्हते. तिने डोळा खाल्ला, कल्ल्याजवळचा मऊ भाग खाल्ला, टाळूचे हाड चोखले. मग ताटाच्या मध्यभागी, पोट चिरलेल्या जागी तिने काडीने उचकून पाहिले आणि नातीला म्हणाली, “यान गाबोली नाय?” आणि मग, कोणाकडेही न पाहता, “मी सोरली ती गाबोली. ती तुमाना लागायची.”

एवढेच. यजमान विचारत होते की आंटी काय म्हणाल्या. सिंगापुरात सगळ्याच वडीलधाऱ्या बायका आंटी असतात. बहिणीने सांगितले, मासा आवडला म्हणतात. शेजारच्या म्हातारीला भाषांतराची गरज पडली नाही. आईने चोखून स्वच्छ केलेली हाडे ती मघापासून पाहत होती. माशाच्या पलीकडच्या बाजूचा गाल तिने आपल्या काड्यांनी सोडवला आणि आईच्या वाडग्यात ठेवला. काड्या तिच्या, तोंडातून आलेल्या. घरी उष्ट्याचा विटाळ मानणारी आमची आई क्षणभर थांबली आणि तिने तो गाल खाल्ला. वरची बाजू संपल्यावर जावयांनी मासा उलटायला चमचा घातला, तेव्हा दोघी म्हाताऱ्या एकदमच ‘हां हां’ करून ओरडल्या. मासा उलटायचा नसतो. तसे केले तर दर्यावर कोणाची तरी होडी उलटते, अशी चिनी कोळ्यांची समजूत. मधला काटा उचलून खालची बाजू खायची. आमच्या गावात अशी काही समजूत आम्हाला आठवत नाही. आई का ओरडली, हे आम्ही विचारले नाही. एका संध्याकाळी एवढे अज्ञान पुरेसे होते.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. वर्षानुवर्षे आम्ही विद्यार्थ्यांना भरताचे रससूत्र शिकवत आलो. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा माणूस जसा रस आस्वादतो, तसा प्रेक्षक नाट्याचा रस आस्वादतो, हा नाट्यशास्त्रातला दाखला दर वर्षी फळ्यावर येतो. रस, आस्वाद, अभिरुची, चर्वणा. आपल्या समीक्षेचे अर्धे शब्द जिभेवरून आणि दातांवरून आलेले आहेत. आणि ज्या बाईला माशाच्या डोक्याची चर्वणा साधली होती, तिच्या ताटात आम्हाला फक्त उरलेले अन्न दिसले. ‘मना डोकाच आवरतं’ यातला ‘च’ हा रसिकाचा निग्रही ‘च’ होता. सर्वांत चांगले काय ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला ते ठाऊक नसल्यामुळे ते आयतेच माझे आहे, असे कदाचित त्यात मिश्कील समाधानही असेल. आम्ही त्याला दडपलेला हुंदका ठरवले. संहितेतून अर्थ काढण्याऐवजी हातातला अर्थ संहितेवर ठेवणे, याला परीक्षेत आम्ही गुण देत नाही.

पण मग त्याग नव्हताच, आम्ही उगाच दुःख उकरले, असे म्हणून सुटताही येत नव्हते. हे नमूद केले नाही तर हा लेखही पहिल्या निबंधाइतकाच खोटा ठरेल. त्याग होता. तो आम्ही दाखवलेल्या जागी नव्हता. निबंधात अपराधी होते ते वडील, काका, पाहुणे आणि पुरुषांची पंगत. तेही निर्दोष नव्हते. आई शेवटी जेवायची हे खरेच होते. परंतु गाबोळी त्यांच्या ताटात जात नसे. हळद-तिखट लावून तव्यावर परतलेली ती माशाची अंडी चुलीपाशीच आम्हा मुलांच्या हातावर पडत. वसतिगृहात राहायला गेल्यावर शनिवारच्या एस.टी.ने डबा येई, त्यातही ती असे. म्हणजे जिने सोडले ती आई आणि ज्याने खाल्ले तो त्या निबंधाच्या दोन लेखकांपैकी एक. दुसरीनेही तिच्या माहेरी काय खाल्ले आणि कोणी सोडले, याचा हिशेब त्या रात्री केला. तो इथे मांडत नाही. स्त्रीच्या ताटाचा शोध घेताना आम्ही आपापली ताटे तेवढी तपासली नव्हती.

परत आल्यावर आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याला सहज विचारले, की त्या माशात गाबोळी का नसावी. तो म्हणाला, “असणारच नाही.” जिताडा हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, पुरेसा वाढल्यावर, मादी होतो. ताटात मावेल एवढा मासा हा बहुतेक नेहमी नरच. गाबोळी सापडते ती मोठ्या, जुन्या माशात. हे ऐकून आम्हाला थोडे हायसे वाटले आणि मग हायसे वाटल्याची लाज वाटली. मानाचे डोके आईला कोणत्याही गोल टेबलावर मिळू शकते. तिने सोडले ते मात्र त्या टेबलावर कोणी मागवूनही येणार नव्हते.

चर्चासत्रातील निबंधांचा ग्रंथ आता छापला जातो आहे. संपादकांनी मुद्रिते पाठवली आहेत. पहिला परिच्छेद काढून टाकावा, असे आम्हा दोघांपैकी एकाचे मत पडले. तो ठेवावा आणि खाली दुरुस्ती जोडावी, असे दुसऱ्याचे. शेवटी परिच्छेद ठेवला आहे. ‘मला डोकेच आवडते’ हे वाक्य मात्र बदलून आईच्या बोलीत घातले आहे, आणि त्यावरचे दीड पान काढले आहे. संपादकांचा फोन आला, की सुरुवात आता पूर्वीसारखी परिणामकारक वाटत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

गेल्या महिन्यात बाजारात चांगली गाबोळी मिळाली. घरी आणली, आईच्याच पद्धतीने परतली आणि आमच्या आधी तिला एकटीला बसवून सगळी तिच्या ताटात वाढली. आमचा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, ती म्हणाली, “असा काय बघतांव?” तिने निम्मी खाल्ली. सावकाश, चव घेत. उरलेली निम्मी ताटाच्या कडेला सारून तिने नातीला हाक मारली.

याचा अर्थ आम्ही लावलेला नाही.